न्यूयॉर्कचा जाहीरनामा आणि हेदवीची पडवी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आशाताई आमच्या पडवीत आली. खांद्याला पिशवी, पिशवीत छापील अर्जांचा गठ्ठा आणि शिंप्याकडे असते तशी मोजायची टेप. घरात तिशी ओलांडलेली तीन माणसे : मी, माझे शौहर आणि अब्बांची धाकटी बहीण, जिला मी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आणले ती फुफू. ताईने एकेकाचे वय विचारले, कंबर मोजली, घरात कुणाला शुगर, बीपी, हार्टचा त्रास होता का ते लिहून घेतले. फुफूने पदर सावरत, हसत हसत कंबर मोजू दिली. मग प्रश्न आला, ‘‘चाची, तंबाखू खाता काय?’’

‘‘तोबा तोबा,’’ फुफू म्हणाली, ‘‘मी फक्त मशेरी लावते.’’

ताईने माझ्याकडे बघितले आणि अर्जावर खूण केली. मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. पण कोकणातल्या बायकांना ती तंबाखू वाटत नाही, दात घासायची वस्तू वाटते. आमच्या दादीला वाटत नव्हती, फुफूलाही वाटत नाही.

त्या अर्जाच्या गुणांची बेरीज चारच्या वर गेली की माणसाला तपासणीसाठी पुढे पाठवायचे, असा नियम आहे. एक अर्ज भरला की आशाला 10 रुपये मिळतात. ताई गेल्यावर मी विचार करत बसले की ही टेप आमच्या पडवीपर्यंत आली कुठून? शोधत गेले तेव्हा कळले की तिचा एक धागा न्यूयॉर्कला पोचतो, 2011 सालच्या सप्टेंबर महिन्यात. त्या महिन्याशी आमच्या घराचेही एक नाते आहे, ते पुढे सांगते.

आजारांच्या बाबतीत जगातल्या सरकारांनी एकत्र बसायची सुरुवात फार जुनी आहे. 1851 मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. 12 राज्यांनी प्रत्येकी एक डॉक्टर आणि एक राजनैतिक अधिकारी पाठवला होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून खुर्च्या दोन होत्या, एक आजाराची आणि एक व्यापाराची. भीती होती कॉलऱ्याची. जहाजातून माल येतो तसा आजारही येतो. पण जहाज बंदरात अडवून ठेवले तर मालाचे नुकसान होते. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा वाद पुढे चाळीस वर्षे चालला. 1892 मध्ये व्हेनिसला कुठे पहिला टिकाऊ करार झाला.

या इतिहासात आपल्या समाजाचे एक पान आहे आणि ते फारसे वाचले जात नाही. 1865 च्या हजमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसे गेली. तिथून साथ युरोपात पोचली. दुसऱ्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरली आणि हिंदुस्थानातून येणारे हाजी हा जगाच्या आरोग्याचा प्रश्न ठरला. 1882 मध्ये उस्मानी सरकारने तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनचे ठाणे उभे केले. मुंबईहून निघालेली हाजींची जहाजे तिथे थांबवली जात. सामान धुरी देऊन काढले जाई, माणसांना दिवसेंदिवस अडकवून ठेवले जाई आणि वर फीही घेतली जाई. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. 1897 च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या जहाजांवर बंदी आली. कोकणातले हाजी बोटीने मुंबई गाठून पुढे जात, त्यामुळे ही बंदी आमच्या खाडीकाठच्या गावांपर्यंत पोचली असणार. खाडीपलीकडच्या दाभोळची मशीद बघायला गेलात तर विजापूरच्या शहजादीची गोष्ट ऐकायला मिळते, मक्केला जायला निघालेली आणि इथूनच परतलेली. ती दंतकथा. पण कामरानला अडकलेल्या हाजींची गोष्ट दंतकथा नाही.

हे करार कडक होते, कधी कधी क्रूरही होते. पण त्यांना एक पहारेकरी होता. धक्क्यावर डॉक्टर उभा असे आणि त्याला विचारल्याशिवाय माणूस पुढे जात नसे.

शुगर, बीपी, कर्करोग, दम्याचे आजार यांना जहाज लागत नाही. ते बंदरात अडवता येत नाहीत, व्यापार थांबवत नाहीत. उलट त्यातल्या कित्येकांचे कारणच व्यापारात आहे : तंबाखू, दारू, साखर, तळलेल्या पाकिटबंद वस्तू. 1851 च्या परिषदेत व्यापाराची खुर्ची आजाराकडे नाखुशीने का होईना, पण बघत होती, कारण साथ आली तर बंदरही बंद पडणार होते. जुनाट आजारांच्या बाबतीत तिला तशी घाई कधीच नव्हती. म्हणून हा विषय राष्ट्रप्रमुखांच्या पातळीवर यायला 160 वर्षे लागली, असे मला वाटते.

या उशिरात तंबाखूची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातून गेला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन 1,01,761 माणसांची तोंडे तपासली. तो अभ्यास 1972 मध्ये छापून आला. त्यात मशेरी लावणाऱ्या बायका होत्या, चुन्याबरोबर तंबाखू मळणारे शेतकरी होते. या मंडळींची माहिती कुणी एवढ्या संख्येने कधी गोळाच केली नव्हती. सिगारेटचे संशोधन लंडन-अमेरिकेत झाले. चघळायच्या तंबाखूचे मात्र आपल्यासारख्या देशांतच करावे लागले. 1985 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने धूरविरहित तंबाखू माणसात कर्करोग करते, असा निर्वाळा दिला. 2004 मध्ये त्याच संस्थेने नुसत्या सुपारीबद्दलही तेच म्हटले. हे वाक्य आमच्या गुहागर तालुक्यात बसून लिहिणे सोपे नाही. इथे वाडी म्हणजे नारळ आणि सुपारी. कित्येक मुलांची फी सुपारीवर भरली गेली आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी तंबाखूबद्दल मोठ्या आवाजात सांगते, सुपारीबद्दल जरा हळू. खोटे कशाला बोलू?

मे 2003 मध्ये जागतिक आरोग्य सभेने तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर केला. इथे एक शब्दाचा फरक सांगते, कारण मी उर्दू आणि मराठी शिकवते आणि मुलांचे गुण मी असल्याच फरकांवर कापते. उर्दूत ‘एलान’ वेगळे आणि ‘मुआहदा’ वेगळा. एलान म्हणजे जाहीर केलेली गोष्ट. मुआहदा म्हणजे दोन्ही बाजूंना बांधणारा करार. जुनाट आजारांच्या सगळ्या इतिहासात सरकारांनी केलेला मोठा मुआहदा हा एकच, तंबाखूचा. 27 फेब्रुवारी 2005 ला तो लागू झाला. 180 पेक्षा जास्त देश त्यात आहेत. भारताने 2004 च्या फेब्रुवारीतच त्याला मान्यता दिली होती. अमेरिकेने सही केली, पण मान्यता आजवर दिलेली नाही.

भारताचा स्वतःचा तंबाखू कायदा त्या कराराच्या तीन दिवस आधी, 18 मे 2003 ला झाला. पण महाराष्ट्र त्याच्याही पुढे होता. 1 ऑगस्ट 2002 पासून राज्य सरकारने गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. उत्पादक न्यायालयात गेले. ‘गोदावत पान मसाला’ या नावाने ओळखला जाणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2 ऑगस्ट 2004 ला दिला आणि बंदी रद्द झाली. अन्नभेसळ कायद्यात राज्याच्या अधिकाऱ्याला असा अधिकार नाही, तो केंद्राचा, असे त्या निकालाचे सार. म्हणजे ज्या वर्षी देशाने जगाला वचन दिले, त्याच वर्षी राज्यातला गुटखा कायदेशीर परत आला. पुढे नवा अन्नसुरक्षा कायदा आला, त्याखालच्या नियमांत अन्नात तंबाखू घालायला मनाई झाली आणि त्याच्या आधारे जुलै 2012 मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी घातली. ती एकेका वर्षाची असते आणि दरवर्षी नव्याने काढावी लागते. मधल्या आठ वर्षांत पुडीला लागलेली माझ्या वर्गातली मुले आज तिशीत आहेत. ताईच्या टेपच्या वयाची.

फेब्रुवारी 2015 मध्ये आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले. राज्याचा गृहमंत्री राहिलेला, ग्रामस्वच्छतेची मोहीम चालवणारा माणूस. तासगावचे आबा. त्यानंतर काही दिवस आमच्या स्टाफरूममध्ये दोघांच्या खिशातून पुडी गायब होती. काही दिवसच.

या मुआहद्याचे एक टोक शिक्षकांच्या हातात आले आहे. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असे कायदा म्हणतो. 2019 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळांनी ते अंतर पिवळ्या रेघेने आखायचे. मी ज्या शाळेत होते तिथे आम्ही मुलांना घेऊन टेप लावून अंतर मोजले आणि रेघ मारली. टपरी रेघेच्या आत निघाली. टपरी आमच्याच एका विद्यार्थ्याच्या वडिलांची. फोटो काढायचा होता, तेव्हा वडिलांनी स्वतःच पुड्यांच्या माळा काढून आत ठेवल्या आणि म्हणाले, ‘‘मॅडम, फोटो झाला की सांगा.’’ मी सांगितले. तो फोटो कुठे तरी वर गेला असेल.

आता न्यूयॉर्कवर येते.

सप्टेंबर 2007 मध्ये कॅरिबियन बेटांवरच्या देशांचे प्रमुख पोर्ट ऑफ स्पेनला जमले होते. त्यांच्या लोकसंख्या लहान, उसाची शेती जुनी, पर्यटन आणि आयात अन्नावर पोट. मधुमेहाने त्यांची कंबर मोडली होती. जुनाट आजारांसाठी सरकारप्रमुखांनी भरवलेली ही पहिली शिखर परिषद. ‘पंधरावीस छोटी बेटे’ म्हणून जगाने दुर्लक्ष केले असते, पण त्यांनी संयुक्त राष्ट्रांत विषय लावून धरला. 19 आणि 20 सप्टेंबर 2011 ला आमसभेची उच्चस्तरीय बैठक झाली. त्याआधी आरोग्याच्या एका प्रश्नासाठी अशी बैठक फक्त एड्ससाठी, 2001 मध्ये झाली होती.

त्या जाहीरनाम्यात सरकारांनी मान्य केले की 2008 मध्ये जगात झालेल्या 5 कोटी 70 लाख मृत्यूंपैकी 3 कोटी 60 लाख या आजारांनी झाले आणि त्यातले सुमारे 90 लाख लोक साठीच्या आत गेले. हृदयविकार व पक्षाघात, कर्करोग, मधुमेह, श्वसनाचे जुनाट आजार असे चार रोग. तंबाखू, दारूचा अपायकारक वापर, चुकीचा आहार, हालचालीचा अभाव अशी चार कारणे. आरोग्याची जबाबदारी एकट्या आरोग्य खात्याची नाही, शेती, अर्थ, शिक्षण सगळ्यांची, हेही कबूल केले. पण किती वर्षांत किती मृत्यू कमी करणार, याचा आकडा त्यात नव्हता. तो 2013 मध्ये आला : 2025 पर्यंत अकाली मृत्यू 25 टक्क्यांनी कमी करायचे, त्यासाठी नऊ उद्दिष्टे, सगळी ऐच्छिक. भारताने ती आपल्या देशासाठी स्वीकारताना दहावे स्वतःहून जोडले, घरातल्या चुलीच्या धुराचे. ते जोडणाऱ्यांचे मला कौतुक वाटते. आमच्या दादीचा खोकला कुठल्याच तक्त्यात बसत नव्हता.

मीठ, साखर, शीतपेये यांवर मात्र कुठलाही मुआहदा नाही. उद्योगांना ‘प्रोत्साहन द्यावे’, ‘आवाहन करावे’ असली भाषा. व्यापाराची खुर्ची इथेही होतीच.

सप्टेंबर 2011 मधली आमच्या घरची गोष्ट अशी. अब्बा कुवेतला 22 वर्षे होते. कोकणातल्या घरांत आखाती पैशांबरोबर शुगर आणि बीपीही आले, हे कुणीही सांगेल. एसीतली नोकरी किंवा उन्हातली, जेवण मेसचे, थंड पेय पाण्यापेक्षा जवळ, आणि बायको-पोरे दोन हजार मैल लांब. अब्बा 2009 मध्ये परत आले ते बीपीची गोळी घेऊनच. ऑगस्ट 2011 मध्ये रमजान होता. सेहरीला गोळी घ्यायची राहू लागली. मग अब्बांनी बंदच केली, कारण त्यांना बरे वाटत होते. आजारी माणसाला रोजाची सूट आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. पण आपण आजारी आहोत हेच त्यांना पटत नव्हते. ‘‘डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाची?’’ 31 ऑगस्टला ईद झाली. गोळी सुरू झाली नाही. मी त्यांची शिकलेली मुलगी, बीएड झालेली. मी विचारले नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे वजू करताना ते पडले. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. त्यानंतर सहा वर्षे ते होते.

म्हणजे जगातली सरकारे न्यूयॉर्कमध्ये वचन देत होती त्या दोन दिवसांत अब्बांची गोळ्यांची पट्टी कपाटात पडून होती. त्यात कुणाचा दोष मी शोधत नाही. राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये 100 जिल्ह्यांत सुरू झाला होता, पण कार्यक्रम असणे आणि ‘‘चाचा, गोळी घेतली का?’’ असे विचारायला कुणी तरी असणे यांत अंतर आहे. कामरानच्या धक्क्यावर जसा डॉक्टर होता, तसा या आजारांना कुणी नव्हता.

हे अंतर भरून काढायचा एक चांगला प्रयत्न आमच्या शेजारच्या जिल्ह्यात झाला. नोव्हेंबर 2017 मध्ये देशातल्या पाच राज्यांच्या 25 जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्रातले चार जिल्हे होते सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा. त्याची रीत साधी. डॉक्टर बदलला तरी औषध बदलू नये म्हणून गोळ्यांचा क्रम ठरलेला. स्वस्त, मोजक्या गोळ्या आणि त्यांचा साठा. गोळी एका महिन्याची, घराजवळच्या केंद्रातून. प्रत्येक रुग्णाचे कार्ड, आणि जो महिनाभर फिरकला नाही त्याला फोन किंवा घरी भेट. शेवटचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जो आला त्याला औषध देणे हे दवाखान्याचे जुने काम. जो आला नाही त्याची यादी ठेवणे हे नवे. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या प्रकल्पाला पुरस्कार दिला, तेव्हा देश कितीतरी जिल्ह्यांत तो घेऊन गेला होता. 2023 मध्ये सरकारने 7 कोटी 50 लाख बीपी-शुगरच्या रुग्णांना नियमित उपचाराखाली आणायचे ठरवले.

तिकडे आखातातही काही बदलले. जून 2017 मध्ये सौदी सरकारने सिगारेट आणि एनर्जी ड्रिंकवर 100 टक्के आणि शीतपेयांवर 50 टक्के कर लावला. जेद्दाहला असलेला माझा मामेभाऊ तेव्हा फोनवर चिडला होता. आता तो पाणी पितो, नाइलाजाने. जुलै 2017 मध्ये आपल्याकडे जीएसटी आला, त्यात शीतपेयांवर 28 टक्के आणि वर 12 टक्के उपकर. पण हेदवीच्या गणपतीला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या जिथे थांबतात तिथले फ्रीज काही रिकामे झाले नाहीत. शहाळे त्याच्या शेजारीच लटकत असते आणि महाग असते.

2025 उलटून गेले. 25 टक्क्यांचे उद्दिष्ट जगाने गाठले नाही. 25 सप्टेंबर 2025 ला न्यूयॉर्कला चौथी बैठक झाली. यावेळच्या मसुद्यात 2030 साठी आकडे होते : तंबाखू वापरणारे 15 कोटींनी कमी, बीपी आटोक्यात असलेले 15 कोटींनी जास्त, मानसिक आरोग्याची सेवा मिळणारे 15 कोटींनी जास्त. अमेरिकेने विरोध केला, एकमत झाले नाही आणि जाहीरनामा पुढे मतदानाला टाकावा लागला. 1851 च्या परिषदेतही कुणाचे कुणाशी पटले नव्हते, म्हणून मी त्याचे फार वाईट वाटून घेत नाही. वाईट वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. वरच्या टोकाला सगळे ऐच्छिक असते. खालच्या टोकाला मात्र एका आशाताईला एका अर्जाचे 10 रुपये घेऊन उन्हातून घाटी चढावी लागते, आणि तिच्या मानधनासाठी 2023 मध्ये राज्यभरच्या आशांना संपावर जावे लागले होते.

फुफूची बेरीज चारच्या बरीच वर गेली. उपकेंद्रात बीपी मोजले, ते वाढलेले निघाले. गोळी सुरू झाली. तोंडात गालाच्या आत एक पांढरा डाग आहे, तो दंतवैद्याला दाखवायला सांगितले आहे. ती ‘‘बघू’’ म्हणते. या शनिवारी मी शाळेतून अर्धी रजा टाकली आहे आणि तिला घेऊन जाणार आहे. मशेरीचा डबा तिने माझ्या समोर फेकला, दुसरा कुठे ठेवला आहे ते मला ठाऊक आहे. ताई महिन्याने परत आली होती. फुफूने गोळ्यांची पट्टी आणून तिच्या हातात दिली आणि ताईने रिकामी घरे एकेक करून मोजली. दोन भरलेली निघाली.

‘‘चाची, या दोन?’’

‘‘त्या दिवशी बरे वाटत होते,’’ फुफू म्हणाली.